तडकलेले थ्री-वे घेऊन ड्युसेलडॉर्फला

आमचा भोसरीत मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. सलाईनच्या नळीत जो तीन तोंडांचा कॉक असतो, नर्स ज्याला नुसतं ‘थ्री-वे’ म्हणतात, त्याची पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लास्टिकची बॉडी आम्ही बनवतो. मालक काका, आणि क्वालिटीला मी. २०२४च्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकाकडून एक पुडकं परत आलं. आत अकरा थ्री-वे, सगळ्यांना फिमेल ल्युअरपाशी, म्हणजे दुसरी जोडणी ज्यात घट्ट बसवतात त्या निमुळत्या तोंडापाशी, केसाएवढी उभी चीर. दुधासारखं पांढरं, तेलाचं इमल्शन असलेलं औषध चालू असताना काही तासांत गळायला लागले होते.

प्लास्टिकचे दाणे पुरवणाऱ्याला विचारलं, तर त्याने तीच जुनी सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) पुन्हा पाठवली. प्रोसेसबद्दल एक प्रश्न नाही. मग मी काकांना म्हटलं, “अहो काका, तीन-चार पुरवठादारांशी समोरासमोर बोलू या, एकाच छताखाली.” ते छत म्हणजे ड्युसेलडॉर्फचं कॉम्पामेड.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये ड्युसेलडॉर्फला मेडिका हे वैद्यकीय उपकरणांचं अवाढव्य प्रदर्शन भरतं. त्याच आवारात, त्याच दिवसांत, हॉल ८ए आणि ८बी मध्ये कॉम्पामेड असतं. तिथे उपकरणं नसतात, उपकरण ज्याचं बनतं ते असतं: दाणे, नळ्या, सिलिकॉन, मोल्डर, चिकटवायचे गोंद. आमच्यासारख्यांनी मेडिकाच्या बाकीच्या हॉलमध्ये एमआरआय बघत फिरू नये, पाय तुटतात. आम्ही पहिल्या दिवशी तेच केलं.

राहण्याचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाचतात. त्या आठवड्यात ड्युसेलडॉर्फची हॉटेलं तोंडाला येईल तो भाव सांगतात. आम्ही जवळच्या क्रेफेल्ड गावात राहिलो. तिथून यू-७६ ही शहरी रेल्वे पकडायची, हाइनरिख-हाइने-आलेला उतरून यू-७८, ती थेट मेस्सेला, म्हणजे प्रदर्शनाच्या आवाराला. विमान मुंबई ते फ्रँकफर्ट, आणि विमानतळाच्याच स्टेशनवरून ड्युसेलडॉर्फची आयसीई ही वेगवान रेल्वे. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र गणपतीतच बघा. दिवाळी उलटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

क्रेफेल्डची एक गंमत नंतर कळली. १९५३ साली बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी पॉलिकार्बोनेट शोधलं ते याच गावाच्या उर्डिंगन भागात. मॅक्रोलॉन, म्हणजे बायरचं पॉलिकार्बोनेट, जिथे जन्माला आलं, तिथेच आम्ही त्याच जातीचे तडकलेले तुकडे झिपच्या पिशवीत घेऊन झोपत होतो. काका म्हणाले, “माहेरी आणलंय पोरीला, तक्रार घेऊन.”

पहिला दिवस ११ नोव्हेंबर. तिथे ११ तारखेला ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा मोसम सुरू होतो, नगरभवनासमोर मोहरीच्या भल्यामोठ्या भांड्यातून होपेडिट्झ नावाचा विदूषक बाहेर येतो. आम्हाला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी परतताना हाइनरिख-हाइने-आलेला मधमाश्या, समुद्री चाचे आणि एक पूर्ण वाढ झालेली कोंबडी आमच्या डब्यात चढली, सगळी बिअरमध्ये तर्र. काकांनी कॅटलॉगची पिशवी छातीशी धरली ती क्रेफेल्डपर्यंत सोडली नाही.

खरं काम दुसऱ्या दिवशी झालं. स्टॉलवर पुढे उभे असतात ते विक्रीवाले. गोड बोलतात, पेन देतात, आणि चीर दाखवली की ‘मेल करा’ म्हणतात. आपल्याला हवा असतो ॲप्लिकेशन इंजिनियर, दाणे वापरताना येणाऱ्या अडचणी जाणणारा. तो रोज असतोच असं नाही. म्हणून महिनाभर आधी मेल टाकून त्याचीच वेळ मागायची. सोबत चिरेचा जवळून काढलेला फोटो आणि आपली प्रोसेस शीट जोडायची. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मात्र एनडीए (गुप्ततेचा करार) असल्याशिवाय कुणालाही देऊ नका, तिथल्या चहाकॉफीच्या आपुलकीत विसरायला होतं.

आम्हाला भेटलेला इंजिनियर साठीच्या आसपासचा होता. त्याने आमचा थ्री-वे दोन पोलराइज्ड पारदर्शक पत्र्यांमध्ये धरला, यात प्लास्टिकच्या आतला ताण रंगीत पट्ट्यांसारखा दिसतो, आणि दिव्यासमोर नेला. गेटपासून (मोल्डमध्ये माल शिरतो त्या जागेपासून) ल्युअरच्या कडेपर्यंत इंद्रधनुष्याचे पट्टे, एकमेकांना इतके चिकटलेले की मोजता येईनात. मला वाटलं, आता तो दाण्याचं विचारील. त्याने विचारलं, “मोल्डचं तापमान किती ठेवता?”

काका माझ्याकडे बघायला लागले. मी खरं सांगितलं, पन्नासच्या आसपास. पॉलिकार्बोनेटला मोल्ड ऐंशीच्या वर हवा, हे आम्हाला पुस्तकात माहीत होतं. पण मोल्ड गार ठेवला की पीस लवकर निघतो, सायकल, म्हणजे एका फेरीला लागणारा वेळ, कमी होते, आणि डोळ्यांना दोन्ही पीस सारखेच चकचकीत दिसतात. गार मोल्डमध्ये माल गोठतो तो ताण पोटात घेऊन. त्यात ल्युअर सहा टक्के टेपरचा. मेल ल्युअर आत घट्ट बसवला की फिमेलची कड बाहेरच्या बाजूला ताणली जाते. वर तेलकट औषध. ते ताणलेल्या जागी शिरतं आणि चीर उघडते. नुसत्या ताणाने तडकलं नसतं, नुसत्या तेलानेही बहुधा नाही.

त्याने सुचवलं, लिपिड, म्हणजे असं तेलकट औषध, झेलणारी ग्रेड (दाण्याचा प्रकार) वापरून बघा, अशा ग्रेड मिळतात. पण लगेच पुढे म्हणाला, मोल्ड गारच ठेवणार असाल तर पैसे वाया घालवू नका. दाणे विकायला बसलेल्या माणसाने हे सांगावं! काकांनी तिथल्या तिथे फराळाचा डबा उघडून त्याला चकली दिली. (दुधाचे पदार्थ नेऊ नका, युरोपात प्रवाशांच्या सामानात चालत नाहीत. चकली-शंकरपाळ्यांना कुणी हटकलं नाही.)

बाकीच्या स्टॉलवर मी एक यादी घेऊन फिरले. भाव शेवटी विचारायचा असं ठरवलं होतं. पहिला प्रश्न हा: रेसिपी बदललीत तर मला कधी कळवाल? उपकरणाच्या दाण्यात हाच खरा माल आहे. उद्या त्यांनी मोल्ड सुटायला घालतात ते वंगण बदललं, किंवा दुसऱ्या प्लँटमधून माल काढायला लागले, तर आपल्या पिसाच्या सगळ्या चाचण्या पुन्हा उभ्या राहतात. साध्या ग्रेडच्या बाबतीत कंपनी कळवायला बांधील नसते. जर्मनीत यावर व्हीडीआय २०१७ नावाची मार्गदर्शिकाच आहे, २०१९ मध्ये आलेली. मेडिकल ग्रेड म्हणायची तर रेसिपीत सातत्य, बदलाची पूर्वसूचना आणि पुरवठ्याची हमी कशी असावी, याबद्दल ती बोलते. स्टॉलवर तिचं नाव घेतलं की समोरच्याची मान जरा सरळ होते, हा स्वानुभव.

दुसरं, बायोकॉम्पॅटिबिलिटीच्या, म्हणजे शरीराला त्रास न होण्याच्या, रिपोर्टवर भाळू नका. आयएसओ १०९९३ किंवा यूएसपी क्लास सहा या चाचण्यांचा रिपोर्ट असतो तो त्यांनी मोल्ड केलेल्या पट्टीचा. तुमच्या मशिनवर, तुमच्या रंगाच्या मास्टरबॅचसह (रंगाच्या दाण्यांसह), स्टरिलायझेशन होऊन आलेल्या पिसाचा नव्हे. रंगाचं आमच्याकडे फार हलकं घेतलं जातं. हँडल लाल-निळं हवं म्हणून बाजारातला रंग घातला की दाण्याचे सगळे कागद रद्दीत गेले समजा.

स्टरिलायझेशन काय आहे ते आधीच सांगा, ईटीओ वायू की गॅमा किरण. गॅमात साधं पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं, म्हणून गॅमाच्या ग्रेडला मुद्दाम निळसर-जांभळी झाक दिलेली असते. साधं पीपी (पॉलिप्रॉपिलीन) ठिसूळ होतं, आणि तेही लगेच नाही, गोदामात पडून पडून. पीओएम (ॲसिटल) प्लास्टिकला गॅमा दाखवूच नये.

प्रत्येक स्टॉलवर आपल्यालाही एक प्रश्न येतो: वस्तू शरीरात किती दिवस राहणार? तीस दिवसांचा आकडा ऐकला की बरेच पुरवठादार हात आखडतात. सुरुवातीला मला हा भित्रेपणा वाटला. पण अमेरिकेत व्हायटेक कंपनीच्या जबड्याच्या इम्प्लांटमध्ये ड्युपाँटचा काही सेंटचा टेफ्लॉन होता, इम्प्लांट बिघडले, व्हायटेक बुडाली आणि दावे ड्युपाँटवर आले. त्यानंतर कित्येकांनी कायमच्या इम्प्लांटला माल देणंच थांबवलं. शेवटी १९९८ मध्ये तिथे पुरवठादारांना संरक्षण देणारा कायदा करावा लागला. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत देऊ नका, लेखी द्या.

छोट्या कारखान्याची अडचण वेगळीच. पंचवीस किलोची पिशवी हवी आणि समोरचा टनात बोलतो. अशा वेळी भारतातल्या अधिकृत वितरकाचं नाव मागून घ्या, आणि तो पिशवी फोडून देतो का ते विचारा. फोडलेल्या पिशवीचा लॉट नंबर म्हणजे ऐकीव गोष्ट.

नमुन्याचे दाणे बॅगेत आणू नका. बिननावाच्या पारदर्शक पुडीतले पांढरे दाणे कस्टमवाल्याला समजावून सांगत बसावं लागतं. मी बसले, मुंबईला, पाऊण तास. डेटाशीट मोबाईलमध्ये होती आणि मोबाईलचा जीव गेला होता. कुरियरनेच मागवा, कागद लावून.

शेवटच्या दिवशी, गुरुवारी, दुपारनंतर स्टॉल आवरायला लागतात. महत्त्वाच्या भेटी मंगळवार-बुधवारी उरका.

परत आल्यावर काकांनी मोल्डला तापमानाचं मशिन जोडलं, पाण्यावर चालणारं, आणि नव्वदला लावलं. ड्रायर आधीपासून एकशेवीसला चार तास होताच. नवे पीस मी पोलराइज्ड पत्र्यांमध्ये धरले: पट्टे राहिलेत, पण रुंद आणि मोजता येतील इतके. ताण असलेला पीस ज्यात तडकतो, त्या टोल्यूईन आणि एन-प्रोपेनॉलच्या मिश्रणात बुडवून बघितले. जुन्या शिल्लक पिसांना तडे गेले, नव्यांना नाही. सायकल सात सेकंदांनी वाढली. काकांनी त्या सात सेकंदांचा महिन्याचा हिशेब पाकिटाच्या मागे मांडला, दोनदा केला, आणि पाकीट खिशात घातलं. लिपिडच्या ग्रेडची पहिली पिशवी अजून यायची आहे. बदल झाला तर कळवू, असं पुरवठादाराचं पत्र मात्र पिशवीच्या आधी आलंय.