तेव्हा तू केवढी होतीस?

एखाद्याचं वय काढून घ्यायचं असेल तर सरळ विचारू नये. स्कायलॅबचा विषय काढावा. समोरचा माणूस "अरे बापरे, लोकांनी खुराड्यातल्या कोंबड्या संपवल्या होत्या तेव्हा!" असं म्हणत खुर्चीत पुढे सरकला, की त्याने पन्नाशी ओलांडली असं धरून चालावं, केस कितीही काळे असोत. कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिला तर गणपती दूध प्यायला होता तो दिवस विचारावा. २१ सप्टेंबर १९९५. हातात वाटी-चमचा घेऊन रांगेत उभं राहिल्याचं आठवत असेल तर चाळिशी एक तर आलीय नाहीतर दारात आहे. त्याच्याही अलीकडे यावं लागलं तर मुकाट जेवणाकडे वळावं, कारण मग आपलंच वय निघायला लागतं.

लग्नाकार्यात मी ही पद्धत बरीच वापरली आहे. गंमत अशी, की एवढ्या मोठ्या घटनेबद्दल विचारलं तरी लोक घटनेबद्दल क्वचितच बोलतात. आपण कुठल्या खोलीत होतो, अंगात काय होतं, आई कोणावर ओरडली, जेवायला काय होतं, हेच सांगत बसतात.

आमच्या दादाचंच घ्या. स्कायलॅब म्हणजे अमेरिकेने १९७३ साली पाठवलेली अंतराळ प्रयोगशाळा, वजन सुमारे ७७ टन. सहा वर्षांनी ती खाली यायला लागली आणि नेमकी कुठे पडेल ते कोणाला सांगता येईना. ११ जुलै १९७९ ला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स गावच्या नगरपालिकेने रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला, हे तर मला फारच आवडतं. पुण्यात पडली असती तरी असंच झालं असतं. त्याच आठवड्यात दिल्लीत मोरारजीभाईंचं सरकारही पडलं. यातलं दादाला काय आठवतं? श्रीखंड. मरायचंच आहे तर गोड खाऊन मरू म्हणून आजीने चक्का टांगला होता, आणि रात्री दादाला लोखंडी कॉटच्या खाली निजवलं होतं. आकाशातून सत्त्याहत्तर टन येणार आणि कॉट ते अडवणार, यावर घरातल्या कोणाची हरकत नव्हती.

बाबांचं पानशेत याच्याही पलीकडचं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खालचं खडकवासल्याचं गेलं आणि पुण्यात पाणी शिरलं. लकडी पूल पाण्याखाली गेला, नदीकाठच्या पेठांतले वाडेच्या वाडे बसले. पुण्यातल्या एका पिढीचं कॅलेंडरच या दिवशी दुभंगलं. "हे पानशेतच्या आधीचं कपाट," असं म्हटलं की कपाटाची किंमत वाढते. आमचं घर तेव्हा नारायण पेठेत होतं. आजी हाताला लागेल ते घेऊन पोरांसकट पर्वतीकडे पळाली. बाबा सहा वर्षांचे होते, म्हणजे हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. पण कधीही विचारा, उत्तर एकच: "मला काही आठवत नाही. इंजेक्शन तेवढं आठवतं." साथ पसरू नये म्हणून नंतर रांगा लावून सुया टोचल्या, त्या पुराच्या आठवणीवर कायमच्या बसल्या.

याच्या उलट आमचे एक काका. त्यांना सगळं आठवतं. २५ जून १९८३ ची फायनल त्यांनी स्वतःच्या घरी टीव्हीवर पाहिली. कपिलने मागे धावत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतला तेव्हा त्यांच्या हातातला चहा सांडला. अडचण एवढीच, की त्यांच्या गावात दूरदर्शन दिसायला लागलं तेच चौऱ्याऐंशी साली. काकू हे दरवेळी सांगते आणि काका दरवेळी चहा सांडतात.

काकांना खोटारडं म्हणायला मी तयार नाही. १९७७ साली रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केनेडींच्या हत्येसारख्या बातम्यांवर अभ्यास केला. बातमी ऐकली तो क्षण लोकांच्या मनात फ्लॅश पडून फोटो निघावा तसा कोरला जातो, असं त्यांनी मांडलं. मग उलरिक नाइसर नावाच्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःचाच फोटो तपासायला काढला. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याची बातमी आली तेव्हा आपण रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होतो, हे त्याला लख्ख आठवत होतं. पुढे कितीतरी वर्षांनी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: हल्ला झाला ७ डिसेंबरला, आणि अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. नाइसरसारख्याची ही गत, तर काकांनी काय घोडं मारलंय?

माझी स्वतःची पहिली आठवण ३१ ऑक्टोबर १९८४ ची. मी पाच वर्षांची होते. माझ्या वयाचे पुष्कळ लोक सांगतात की इंदिरा गांधी गेल्या त्या दिवशी शाळा लवकर सोडली. दिल्ली-लखनौकडे सोडलीही असेल. आमची दिवाळीची सुट्टी चालू होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ तारखेला झालं होतं, भाऊबीज होऊन गेली होती आणि वाड्याच्या अंगणात आमचा किल्ला अजून उभा होता. (पुरानंतर आम्ही सदाशिव पेठेत आलो होतो.) किल्ल्यावर पेरलेले हळीव आता मावळ्यांच्या डोक्यापेक्षा उंच झाले होते. महाराज सिंहासनावर गवतात बुडून बसले होते. माझ्या फ्रॉकच्या खिशात सुट्या लवंगी होत्या, कारण माळ एकदम लावणं म्हणजे उधळपट्टी. एकेक सोडवून पुरवून वाजवायच्या. बोटांना त्या दारूचा चंदेरी रंग लागायचा आणि नाकाजवळ नेला की शिंक यायची.

दुपारी कधीतरी आई अंगणात आली आणि म्हणाली, "फटाके आण इकडे. आज वाजवायचे नाहीत." मी विचारलं, का? ती म्हणाली, "इंदिराबाईंना मारलं." हे मला पटलं नाही. म्हणजे मारलं ते पटलं, पण त्याचा माझ्या लवंगीशी काय संबंध, ते कळेना. आईने खिसा उलटा करून सगळ्या काढून घेतल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवरच्या डब्यात टाकल्या. दुष्टपणा झाला असं मला वाटलं. देशावर कोसळलेलं संकट माझ्यापर्यंत येईतो एवढंच उरलं होतं.

घरात दोघे-तिघे पुरुष ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. सकाळी साडेनवाच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, पण आकाशवाणीने मृत्यूची बातमी द्यायला संध्याकाळ केली. तोवर लोक खरखरीतून बीबीसी शोधत होते. कोणी सांगत होतं, बाजीराव रस्त्यावर शटरं खाली आली. आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. सगळे विचारत होते कशा गेल्या, किती गोळ्या, आता पंतप्रधान कोण. आजी एकच प्रश्न धरून बसली होती.

"मारलं कोणी?"

"अंगरक्षकांनी, आई."

"ते ऐकलं रे. पण कोणी? नावं काय त्यांची?"

बाबा वैतागले. नावाने काय फरक पडणार, म्हणाले. पुढे कधीतरी बेअंत सिंग आणि सतवंत सिंग ही नावं घरात आली. तेव्हा आजीने हातातली वात तशीच ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे आता त्यांची घरं." वाक्य तिथेच संपलं. क्रियापद आलंच नाही. मी वाट बघितली होती, म्हणून ते लक्षात राहिलं असावं.

३ नोव्हेंबरला अंत्यसंस्कार दाखवले. टीव्ही वाड्यात एकच, मालकांकडे, लाकडी शटरचा. त्यांच्या दारात चपलांचा ढीग झाला होता आणि आम्ही पोरं सर्वांत पुढे, सतरंजीवर. निवेदक हळू आवाजात बोलत होता. जगभरची माणसं आली होती. मार्गारेट थॅचर होत्या, यासर अराफत होते. आम्हाला त्या गर्दीत ओळखीचा माणूस एकच, अमिताभ. तो दिसला की आमच्यात कुजबुज व्हायची आणि मागून कोणीतरी टपली मारायचं. मग लगेचच तुळशीचं लग्न आलं. मंगलाष्टकं दबक्या आवाजात झाली, चिंचा-आवळे, ऊस, चुरमुरे सगळं झालं, फक्त "सावधान" झाल्यावर एरवी जो धडाका उडायचा तो नाही. त्या लवंगी पुढच्या दिवाळीपर्यंत डब्यातच राहिल्या आणि फुसक्या निघाल्या.

आजीच्या त्या अर्ध्या वाक्याचा उलगडा व्हायला मी कॉलेजात जावं लागलं. तिचं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. गांधीजींचा खून झाला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री गावात बातमी आली, आणि मागोमाग मारेकऱ्याचं नाव आलं. गोडसे. नावावरून जात कळली, आणि दोन-तीन दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं पेटायला लागली. आमच्याकडची जुनी माणसं त्याला नुसतं "जळीत" म्हणतात. आजीच्या वडिलांनी आधी गोठ्यातली दावी सोडली, मग पोरांना घेऊन उसात जाऊन उभे राहिले. गांधीजींना मारण्याशी त्या घराचा संबंध काय होता? वडील सूत कातायचे. घर गेलं. आजी हे सगळं भाजी निवडताना बोलावं तसं बोलली, मध्येच "ही मेथी जून आहे" असंही म्हणाली. आणि मग म्हणाली, "म्हणून तर मी नाव विचारत होते. कोण मेलं त्यापेक्षा मारणारा कोणाचा, हे आधी बघायचं असतं."

आम्ही सतरंजीवर बसून अमिताभ शोधत होतो, त्याच दिवसांत दिल्लीत शिखांची कत्तल चालू होती. सरकारी आकड्यानेच एकट्या दिल्लीत २,७३३ माणसं मारली गेली. मालकांच्या टीव्हीवर फुलं होती, रांगा होत्या, तोफगाडा होता. त्रिलोकपुरीत माझ्याच वयाच्या पोरांचे केस त्यांच्या आया कात्रीने कापत होत्या, ओळखू येऊ नयेत म्हणून. त्या पोरांना त्या दिवसांबद्दल विचारलं तर ती तोफगाड्याचं सांगणार नाहीत. आमच्या वाड्यातल्या पंचवीस-तीस माणसांत दिल्लीतलं खरं काय ते एकटीला कळलं होतं, उंबऱ्यावर बसलेल्या म्हातारीला, आणि तेही बातमी येण्याआधी. मला तेव्हा वाटलं होतं, आजीला नीट ऐकू येत नाही म्हणून ती परत परत विचारतेय.

आता माझ्या मुलीचा नंबर. तिचा इतिहास २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता सुरू होतो. ती चार वर्षांची होती. आम्ही बाल्कनीत उभं राहून थाळ्या वाजवल्या, समोरच्या इमारतीत कोणी शंख वाजवत होतं, खालच्या मजल्यावर चक्क कुकरच्या झाकणावर लाटणं. ती सांगते, "मी पिवळा फ्रॉक घातला होता आणि उड्या मारत होते." बरोबर आहे. पण ती स्वतःला बाहेरून बघतेय. आत्येभावाने काढलेला व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर आहे, तो तिने इतक्यांदा पाहिलाय की आठवण कुठली आणि मोबाइल कुठला हे तिलाही सांगता येणार नाही. माझ्या चौऱ्याऐंशीचा एकही फोटो नाही. त्यामुळे माझ्या आठवणीत मी कुठेच दिसत नाही. दिसतात ते साड्यांचे काठ, धोतरांचे सोगे आणि चपला, पाच वर्षांच्या उंचीवरून दिसतील तेवढंच.

परवा जेवताना मी तिला मुद्दाम खोदून विचारलं, "व्हिडिओत नसलेलं काही आठवतं का?"

तिने वेळ घेतला. मग म्हणाली, "आठवतं. तू पितळी परात घेतलीस वाजवायला. आणि आबा म्हणाले, परात नको, पोचा येईल. आणि पोचा आला."

मी उठून परात काढली. कडेला पोचा आहे, अंगठा मावेल एवढा. मुलगी विजयी मुद्रेने आबांकडे बघायला लागली.

बाबा शांतपणे ताकभात कालवत होते. "मी असं काही म्हणालेलो नाही," ते म्हणाले. "आणि तो पोचा तेव्हाचा नाहीच. पानशेतचा आहे. आईने पोरांचे कपडे त्या परातीत घालून ती डोक्यावर घेतली होती. पर्वतीच्या पायरीवर हातातून सुटली. खणखणत खाली गेली, मी धावत जाऊन आणली."

"बाबा, तुम्हाला तर इंजेक्शनशिवाय काही आठवत नाही ना?"

"आत्ता आठवलं," बाबा म्हणाले आणि मिरची मागितली.