चंद्री तांबडी पडली तिथपासून: शेळ्यांच्या खुराकाची नोंद

दावणीला सध्या सात नग आहेत. चार शेळ्या, दोन पाटी (अजून न व्यालेल्या तरण्या माद्या) आणि एक बोकड, सगळे उस्मानाबादी. सोलापूरजवळच्या बाळे गावाच्या पुढं भावाच्या रानात पत्र्याचा गोठा आहे. ड्युटीच्या आधी तासभर आणि संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी तिथं असतो. धंदा म्हणाल तर नाही, नाद आहे. पण नादालाही हिशेब लागतो, म्हणून गेल्या जूनपासून वही घातली. त्यातलं कामाचं तेवढं इथं उतरवतोय.

जूनअखेर. चंद्री, म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तिच्या पाठीवरचे केस तांबूस दिसायला लागले. उस्मानाबादी बहुतेक काळीभोरच असते, त्यामुळं डोळ्यात लगेच भरलं. शेपटीच्या टोकाचे केसही झडून मधे फट पडली होती. शेजारच्या अण्णांची मेंढरं आहेत, त्यांना दाखवलं. "उन्हानं भाजलंय बे ते. पाऊस पडू दे, येतंय की काळं." मलाही पटलं. सोलापूरच्या मे महिन्यात माणसाचा रंग टिकत नाही, तिथं शेळीचं काय!

ऑगस्ट. पाऊस झाला, रंग काही आला नाही. उलट दुसरीच्या मानेवरही तांबूस झाक दिसायला लागली. ताणकाट्याला पोत्याची झोळी बांधून वजनं केली. चंद्री २७ किलो, म्हणजे उन्हाळ्यापेक्षा दोन किलो कमी. वैरण मात्र कमी नव्हती. खालची पापणी उलटून बघितली तर फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरी. लेंड्या दवाखान्यात नेल्या, जंताची अंडी निघाली. डॉक्टरांनी प्रत्येकीच्या वजनावर औषधाचं माप काढून दिलं. आधी मी सगळ्यांना अंदाजानं एकच माप पाजत होतो. कमी मापानं जंत मरत नाहीत, औषधाला निर्ढावतात.

सप्टेंबरअखेर. पापण्या लाल झाल्या, वजन सावरलं, केस तसेच. मग खनिजाची पिशवी उलटून मागचा तक्ता वाचला. ती पिशवी अण्णांकडून अर्धी वाटून घेतलेली, म्हणजे मेंढरांची. कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, कोबाल्ट, आयोडीन, सगळ्यांचे आकडे होते. तांब्याचा आकडाच नव्हता. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस विष होऊन उठतं, म्हणून मेंढीच्या मिश्रणात ते मुद्दाम वरून घालत नाहीत. शेळीला मात्र ते जास्त लागतं. केसाचा काळा रंग तयार व्हायलाच तांबं लागतं. ते कमी पडलं की काळं जनावर तांबडं दिसतं. वर्षभर "शेळ्या-मेंढ्या" असं एका दमात म्हणत आलो, त्याचा हा दंड.

डॉक्टरांना विचारूनच शेळीचं वेगळं मिश्रण आणलं. मोठ्या शेळीला रोज १० ते १५ ग्रॅम, करडाला ५ ग्रॅम. ज्यांच्या गोठ्याला लागून मेंढरं आहेत त्यांना एकच सांगणं: शेळीची गव्हाण मेंढीच्या तोंडाला लागू देऊ नका. मी आता पत्र्याची आडभिंत घातलीय. अण्णा हसले, पण कोकरू आत आलं की स्वतःच हाकलतात.

चाटण विटेबद्दल. वर्षभर टांगलेली होती आणि मी निर्धास्त होतो. मापून बघितलं तर महिन्यात जेमतेम झिजली. एक तर पावसात भिजून वरती कडक साल धरली होती. दुसरं म्हणजे आमच्या बोअरचं पाणी खारं. मिठाची ओढ पाण्यातूनच भागली तर जनावर मिठाच्या विटेकडं कशाला जाईल? तेव्हापासून मिश्रण खुराकातच कालवतो. वीट आहे, पण शोभेला.

आता खुराकाचं. ३० किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक ते सव्वा किलो कोरडा आहार लागतो, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून. माझा मेळ असा बसलाय: हिरवं दोन किलो (निम्मा लसूणघास, निम्मी शेवरी आणि थोडा सुबाभूळ), अर्धा किलो तुरीचं भुसकट आणि कडब्याची कुट्टी, खुराक २०० ग्रॅम. गाभणीला शेवटच्या दीड महिन्यात खुराक हळूहळू ३०० वर नेतो. मालदांडीचा कडबा आपल्याकडं सोन्याच्या भावानं जातो, पण त्यात प्रथिनं तीन-चार टक्केच. पोट भरतं, अंग भरत नाही. तुरीच्या भुसकटावर शेळ्या तुटून पडतात, कडब्यात मात्र पानं वेचून दांडे पायाखाली टाकतात. कुट्टी केल्यावर नासाडी निम्म्यावर आली. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर नेत नाही, त्यातल्या मिमोसिननं केस गळतात. केसांचंच गाऱ्हाणं चाललंय तिथं ही भर कशाला.

खुराकाचं १०० किलोचं माप: मक्याचा भरडा ४०, शेंगदाणा पेंड २५, गव्हाचा भुसा (म्हणजे कोंडा) २०, तूरचुनी १२, खनिज मिश्रण २, मीठ १. पेंड नाकाला लावून बघितल्याशिवाय घेत नाही. बुरशीचा वास आला की परत. सरकी पेंड स्वस्त पडली तरी करडांना देत नाही, त्यातलं गॉसिपॉल त्यांना सोसत नाही.

नोव्हेंबर, वहीतलं सगळ्यात वाईट पान. बोकड भरावा म्हणून मी त्याला भुसा आणि भरडा मिळून पाऊण किलोवर नेला होता. जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते, तोपर्यंत तयार करायचा, अशी हौस. एका संध्याकाळी तो पाय ताणून उभा, कण्हतोय, शेपूट हलवतोय. अण्णा म्हणाले पोट फुगलंय, तेल पाजू. डावी कूस दाबली तर मऊ. मग खाली बघितलं: लघवीचे थेंब, तेही नाहीत धड. रात्री डॉक्टर आले. नळीच्या टोकाला बारीक शेपटीसारखा भाग असतो, त्यात खडा अडकला होता. त्यांनी तेवढं टोक कापलं आणि धार लागली. खडा आणखी वर अडकला असता तर बोकड गेलाच होता.

कारण माझ्याच घमेल्यात होतं. भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट तरी पाहिजे, माझं गणित पार उलटं झालं होतं. त्याचा भुसा बंद केला, भरडा १०० ग्रॅमवर आणला, लसूणघास वाढवला आणि डॉक्टरांनी सांगितलं तितके दिवस अमोनियम क्लोराईड दिलं. थंडीत बोकड पाणी कमी पितो, म्हणून सकाळी कोमट पाणी ठेवतो. जत्रेचा विषय संपला.

डिसेंबर. साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं, ऊसतोडीवाल्यांकडून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळायला लागले. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडून, तेही थोडंच. ज्वारीच्या रानातलं किरळ मात्र अजिबात नाही. कापल्यावर फुटलेल्या त्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, घोळका सोडलात तर तासाभरात आडवा.

जानेवारी-फेब्रुवारी. जुना तांबडा केस काळा होत नाही, बुडातून नवा येतो. चंद्रीच्या पाठीवर केस फुंकून बघितले तर मुळाशी काळी रेघ, टोकाला तांबूस. तांब्यानंच झालं असं छातीठोक सांगणार नाही. जंताचं औषध आणि नवं मिश्रण लागोपाठ झालं, रक्त तपासलेलं नाही. दुसऱ्यांदा असं केलं तर एका वेळी एकच बदल करीन आणि दोन महिने थांबीन.

मार्च. चंद्री ३१ किलो, दोन करडं, दोन्ही काळी. शेपटीची फट बुजली, मानेखाली टीचभर तांबडं राहिलंय. लसूणघासाला पाणी अजून महिनाभर पुरेल. शेवरीचा पाला सावलीत वाळवून पोत्यात भरायला घेतलाय. पहिली दोन पोती भरली, तिसऱ्यात काल रात्री बोकडानं तोंड घातलं.