परत दिलेली वीज खात्यावर यायला तीन महिने

जानेवारीचं वीजबिल हातात आलं तेव्हा मी आधी निर्यातीचा, म्हणजे आमच्या सोलरने बाहेर दिलेल्या युनिटचा, आकडा शोधला. तो कुठेच नव्हता. गच्चीवरचे ३ किलोवॉटचे पॅनल ९ डिसेंबरपासून चालू होते. जिन्याखालच्या नव्या मीटरवर निर्यात दोनशेच्या पुढे गेलेली मी रोज बघत होतो. बिलात मात्र आम्ही ओढलेल्या प्रत्येक युनिटचे पूर्ण पैसे लावले होते, आणि दिलेल्या युनिटचा उल्लेखसुद्धा नव्हता.

हे मला इतकं का लागलं, ते आधी सांगतो. मी लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. जवळजवळ सगळी नोकरी डिझेलवर गेली. डिझेल इंजिनालाही डायनॅमिक ब्रेक असतो. चाकांच्या मोटारी जनरेटरसारख्या फिरतात आणि गाडीचा वेग उतरतो, पण तयार झालेली वीज इंजिनातच रोधकांमध्ये जाळायची आणि ती उष्णता पंख्याने बाहेर फेकायची. मग आमच्या विभागात तारा आल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड ते लातूर रोड हा तुकडा झाला आणि मध्य रेल्वेचं ब्रॉडगेजचं विद्युतीकरण पूर्ण झालं. माझी शेवटची दोन-अडीच वर्षं डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ या विजेच्या इंजिनांवर गेली. या इंजिनांत ब्रेकिंगची वीज छतावरच्या पेंटोग्राफमधून परत तारेत जाते. लांबून डबल यलो, म्हणजे वेग आवरायला सांगणारा सिग्नल, दिसला की हवेच्या ब्रेकला हात लावण्याआधी मी थ्रॉटल ब्रेकिंगकडे आणायचो आणि गाडी आपोआप आवरायची. समोरच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे, खर्च केलेली युनिट आणि परत दिलेली युनिट. फेरी संपली की दोन्ही लिहून द्यायची. दुसरा आकडा चांगला आला की त्या दिवशी काम नीट झालं असं वाटायचं.

त्या परत दिलेल्या विजेचा हिशेब कसा लागतो, हे तेव्हाच एका सीनियरने समजावलं होतं. त्याच सबस्टेशनच्या टप्प्यात दुसरी गाडी चढ चढत असेल किंवा वेग घेत असेल, तर आपली वीज ती वापरते. सबस्टेशनने बाहेरून तेवढी कमी ओढली, म्हणजे वेगळी नोंद न करताही फायदा मिळाला. पण टप्प्यात दुसरी गाडीच नसेल तर वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी बाहेरच्या ग्रिडमध्ये जाते. तिथलं मीटर ती वजा करतं की नाही, यावर सगळं अवलंबून. वीज दोन्ही वेळी सारखीच परत गेलेली असते, फरक फक्त मोजण्याचा. दिल्ली मेट्रोच्या ब्रेकिंगमधून वाचलेली वीज रीतसर मोजली गेली, म्हणून तर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे त्या प्रकल्पाची कार्बन क्रेडिटसाठी नोंदणी झाली.

घरच्या छतावर पॅनल बसवताना माझ्या डोक्यात हेच होतं.

बसवण्यापर्यंतचं काम सोपं झालं. पीएम सूर्यघर योजनेत ऑनलाइन अर्ज केला, एजन्सी निवडली, दोन दिवसांत सांगाडा आणि पॅनल चढले. ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, तेही बँकेत जमा झालं. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची वेगळी वाट बघावी लागत नाही. फक्त बिल कोणाच्या नावावर आहे ते अर्जाआधी बघा. आमच्या शेजाऱ्यांचं मीटर अजून त्यांच्या स्वर्गवासी वडिलांच्या नावावर आहे, आणि नाव बदलण्यातच त्यांचे दोन महिने गेले.

आता बिलाकडे येतो. जानेवारीचं बिल घेऊन मी वीज कार्यालयात गेलो. बिलिंगच्या खिडकीवर सांगितलं, "काका, मीटर बदलल्याचा अहवाल आमच्याकडे आलेला नाही, टेस्टिंगला विचारा." टेस्टिंगवाले, म्हणजे मीटर तपासणारा विभाग, म्हणाले, अहवाल केव्हाच पाठवला. एजन्सीला फोन केला तर त्यांचं एकच, "मीटर बसलं काका, आमचं काम संपलं." दुसऱ्या खेपेला साहेब साइटवर गेले होते. तिसऱ्या खेपेला सिस्टीम बंद होती. गड्ड्याची यात्रा सुरू होती, पार्क चौकापर्यंत रस्ते गर्दीने भरलेले, आणि मी जुळे सोलापुरातून स्कूटर घेऊन खेपा घालत होतो. चौथ्या खेपेला सांगितलं, "अहवाल चढवला, पुढच्या बिलात येईल."

फेब्रुवारीच्या बिलात नवा मीटर क्रमांक आला. आयात आली. निर्यात नाहीच.

त्या दिवशी मला खरोखर संताप आला. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे आणि ती आमच्याच ट्रान्सफॉर्मरवर आहे. दुपारी बारा ते तीन माझे पॅनल जोरात चालतात, घरात एक फ्रिज आणि दोन पंखे, बाकी सगळी वीज बाहेर जाते. बाहेर गेलेली वीज सगळ्यात जवळच्या वापरात खपते, म्हणजे त्या गिरणीत. गिरणीवाला त्या युनिटचे पूर्ण दराने पैसे भरतो. त्याच युनिटचे पैसे त्याच्याकडून वसूल झाले आणि माझ्या खात्यात काहीच नाही, हे मला सहन होईना.

गाठ सोडवली ती रीडिंगला येणाऱ्या पोराने. फेब्रुवारीत तो आला तेव्हा मी मुद्दाम खाली थांबलो होतो. मीटरच्या पडद्यावर आकडे एकामागून एक फिरत असतात. १.८.० या खुणेचा आकडा आयातीचा आणि २.८.० चा निर्यातीचा. त्याने पहिल्याचा फोटो काढला आणि निघाला. मी थांबवून विचारलं, दुसरा कोण घेणार? त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. "बघा की काका, इथं एकच डबा येतोय. दुसरा आकडा भरायला जागाच नाही. सोलरवाल्यांच्या घरी दोन डबे येतात. तुमचं खातं अजून साधंच दिसतंय."

दोन महिने मी चुकीच्या खिडकीवर चुकीचा प्रश्न विचारत होतो. अहवाल चढला होता आणि मीटरही बरोबर होतं. फक्त खात्याचा प्रकार नेट मीटरिंगचा, म्हणजे घेतलेल्या युनिटमधून दिलेली वजा करण्याचा, केलेला नव्हता, त्यामुळे निर्यात भरायची सोयच उघडत नव्हती. तोंडी तक्रार कितीही केली असती तरी हे सुटलं नसतं. म्हणून सांगतो, नेट मीटर बसल्यावर पहिल्या रीडिंगला हजर राहा आणि रीडिंग घेणाऱ्याच्या मोबाईलवर किती रकाने येतात ते विचारा.

मी घरी येऊन अर्ज लिहिला. विषय एकाच ओळीत: "खात्याचा प्रकार नेट मीटरिंग करणे व ९ डिसेंबरपासूनची निर्यात युनिट वळती करणे." सोबत नेट मीटरिंग कराराची प्रत, मीटर बसवल्याचा अहवाल, दोन्ही बिलं, आणि माझ्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

वहीचं सांगायचं राहिलं. मीटर बसल्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी सहाला आयात आणि निर्यात लिहीत होतो. इंजिनावर दोन आकडे लिहायची सवय, ती घरीही राहिली. दर रविवारी मीटरचा फोटो, तारखेसकट. जुनं मीटर काढताना त्याच्या शेवटच्या रीडिंगचाही फोटो काढून ठेवा, ते मीटर गेलं की वादाला पुरावा राहत नाही.

सात दिवसांनी मी थेट अभियंता मॅडमना भेटलो. त्यांनी वही उलटीपालटी करून पाहिली, एका रविवारच्या फोटोशी आकडा ताडून बघितला आणि खातं पडद्यावर उघडलं. "हे आमच्याकडूनच राहिलंय काका," एवढं सरळ त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून माझ्यासमोर रीडिंग घेतलं. १२ मार्चला आयात ३८८, निर्यात ७०२.

मला घाई ३१ मार्चची होती. एका महिन्याची उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक पुढे जात नाही, ती वीज नियामक आयोगाच्या ठरलेल्या दराने वीज कंपनी विकत घेते. त्यामुळे हिशेब त्याच वर्षात लागणं मला हवं होतं. तसा न लागता तर ग्राहक तक्रार निवारण मंचाचा अर्ज मी भरून तयार ठेवला होता. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करता येते, आणि मंचाचा निर्णय पटला नाही तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. वीज कायदा २००३ मध्येच ही सोय आहे, हे फार लोकांना माहीत नसतं.

अजून एक. वीज गेली की सोलरही बंद होतं. पहिल्यांदा बायको घाबरली, पॅनल बिघडले म्हणाली. बिघाड नाही तो. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. इंजिनाचंही तेच, तारेत वीज नसेल तर परत देता येत नाही. आणि सोलापूरच्या धुळीत पॅनल आठवड्याला धुवायलाच हवेत, पण सकाळी लवकर. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, म्हणून धुतल्यावर पुसून घ्या. कडक उन्हाळ्यात उत्पादन वाढेल असं वाटतं, पण पॅनल तापले की वीज कमी देतात. माझ्या वहीत फेब्रुवारीअखेरचे दिवस एप्रिलपेक्षा सरस आहेत.

मार्चचं बिल २६ तारखेला आलं. आयात, निर्यात, वजावट, तिन्ही रकाने भरलेले. मागच्या दोन बिलांत जादा घेतलेली रक्कम वजा करून बिल उणे झालं होतं आणि शिल्लक ३१४ युनिट. मी तो आकडा वहीत लाल पेनाने लिहिला. वही बायकोला दाखवली, तिने चष्मा लावून ७०२ मधून ३८८ वजा करून पाहिले, आणि मग चहा टाकला.