खिशातला कांदा आणि ओलं बनियन

नागपूर ते वर्धा, पाऊणशे किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं होतं, गाडीला किक मारली साडेअकराला. मे महिना, त्यात आमचं विदर्भ!

बुटीबोरीपर्यंत हेल्मेटची काच वर करून हवा खात होतो. हवा कसली, भट्टीच. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असली की वारा गार करत नाही, भाजतो. शाळेत शिकलोय हे, पण उपयोग शून्य.

सेलूच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. रसवंतीवाले काका म्हणाले, "काहून बा, असा उघड्या तोंडानं चालला? बनियन भिजव अन् घाल." हापशीवर बनियन, दुपट्टा भिजवले, न पिळता चढवले, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट, काच बंद. पुढची वीस मिनिटं कूलरसमोर बसल्यासारखी गेली! आपली हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या घामट हवेत हे फारसं जमत नाही. पवनार येईस्तोवर परत कोरडा ठक्क. पुन्हा भिजवलं.

आईने बळेच खिशात घातलेला कांदा वर्ध्यात बाहेर काढला, तर कोमट. मामी म्हणाली, "आण इकडे, चिरते."