देणगीदारांची नावं आणि शिरोरेषेची थरथर

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बऱ्याच वर्षांनी लक्ष्मी यात्रा भरली. माहेरवाशिणी पुण्या-मुंबईहून, गोव्याहून लेकरं घेऊन आल्या. मी लग्नाचे व्हिडिओ करतो, म्हणून यात्रेचं शूटिंग ओघानंच माझ्याकडे आलं. कमिटीची एकच अट होती. व्हिडिओच्या शेवटी सगळ्या देणगीदारांची नावं यायला हवीत आणि ती नीट वाचता आली पाहिजेत.

नावं ३८६. दोन रांगांत लावली, म्हणजे १९३ ओळी. मागं देवीचं गाणं, ३ मिनिटं ४० सेकंदांचं. टायटल गाण्याच्या लांबीइतकं ताणलं आणि खालून वर सोडून दिलं. लग्नाच्या व्हिडिओत मी नेहमी असंच करत आलो होतो.

कमिटीतल्या एका काकांना दाखवलं. ते चष्मा पुसून जवळ येऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "नावं अशी का थरथरायल्यात रे बाळ? डोळ्याला तरास होतोय बघ."

खरंच होत होता. अक्षरं सरकत नव्हती, बारीक बारीक झटके खात वर जात होती. आधी वाटलं, कॉम्प्युटर दमतोय. पण रेंडर केलेल्या, म्हणजे पूर्ण तयार करून काढलेल्या फाइलमध्येही तेच. मग मोशन ब्लर, म्हणजे हलत्या गोष्टीला धूसर करणारा इफेक्ट, लावला. झटके थोडे लपले, पण नावंही पुसट झाली. ज्याच्या घामाचे पैसे आहेत त्याचं नाव पुसट दाखवणं मला पटेना, म्हणून ब्लर काढून टाकला.

रात्री एकच नाव चारशे टक्के मोठं करून एकेक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, पुढं नेत बघितलं. एका फ्रेममध्ये ‘श्री’वरची शिरोरेषा सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ. पुढच्या फ्रेममध्ये तिच्या वर आणि खाली राखाडी पट्टी. त्याच्या पुढं पट्टीची जाडी पुन्हा वेगळी. रोमन अक्षरांना अशी सलग आडवी रेघ नसते. आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ती असते, त्यामुळं वर सरकणाऱ्या मजकुरातली खोट आधी तिथंच दिसते.

मग वही घेतली. एक ओळ ९० पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या ९० ठिपक्यांएवढी उंच. १९३ ओळींचे १७,३७० पिक्सेल. पहिलं नाव पडद्याच्या तळाशी उगवून शेवटचं माथ्यावरून जाईपर्यंत पडद्याचे १,०८० आणखी. एकूण प्रवास १८,४५० पिक्सेलचा. गाणं २२० सेकंदांचं, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५,५०० फ्रेम. भागाकार केला तर एका फ्रेमला जवळपास ३.३५ पिक्सेल. खोड इथंच होती. पडद्यावर पाव किंवा अर्धा पिक्सेल नसतोच. शिरोरेषा दोन पिक्सेलांच्या मध्ये सापडली की सॉफ्टवेअर तिचा रंग दोन्हीकडं वाटून टाकतं. म्हणून ती घडीत ठळक, घडीत फिकी.

वेग फ्रेमला पूर्ण ३ पिक्सेल धरला. १८,४५० भागिले ३ म्हणजे ६,१५० फ्रेम, ४ मिनिटं ६ सेकंद. गाणं २६ सेकंद कमी पडलं. तिथं मिरवणुकीत रेकॉर्ड केलेला ढोल जोडला, आणि खरं सांगतो, तो गाण्याहून शोभला. पोझिशनचे दोन्ही कीफ्रेम, म्हणजे सरकण्याच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण, लिनिअर ठेवले, म्हणजे वेग मध्ये कुठं बदलत नाही, सुरुवातीची जागाही पूर्ण आकड्यात, स्केल बरोबर शंभर टक्के. ते ९९ असलं तरी सगळं गणित फुकट जातं. फॉन्ट एक घर जाड घेतला आणि काळ्यावरचा पांढराशुभ्र रंग जरा मळकट केला, कारण जितका रंगांचा फरक जास्त तितका झटका डोळ्यात भरतो.

शिरोरेषा आता प्रत्येक फ्रेममध्ये सारखी. तरी लॅपटॉपवर पूर्ण चालवलं की मधूनच अडखळायचं. ते दुखणं निराळं निघालं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायला (फ्लिकर) नको म्हणून मी शूटिंग २५ फ्रेमवरच करतो. लॅपटॉपचा पडदा मात्र ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठदा चित्र ताजं करणारा. साठाला पंचविसानं भाग जात नाही, मग एक फ्रेम दोनदा दिसते, दुसरी तीनदा. देवळाच्या सभामंडपातल्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ केलं आणि नावं पाण्यावरून सरकावीत तशी गेली. फोनवर बघणाऱ्यांसाठी नावांची वेगळी फाइल केली, ३० फ्रेमची, कारण साठाला तिसानं पूर्ण भाग जातो. वेग तोच, फ्रेमला ३ पिक्सेल. ती ३ मिनिटं २५ सेकंदांत संपते, म्हणजे गाण्यातच बसते.

सभामंडपात पहिल्या रांगेत एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या मालकांचं नाव खालून उगवलं तेव्हा त्यांनी हात जोडले आणि ते वर दिसेनासं होईपर्यंत तसेच ठेवले. फ्रेमला ३ पिक्सेलनं पडदा चढायला एका नावाला साधारण १५ सेकंद लागतात.

दुसऱ्या दिवशी काका आणखी सहा नावं घेऊन आले, गोव्यातल्या पोरांची, उशिरा आलेली. पूर्वी असतं तर तेवढ्याच वेळात कोंबली असती. आता तीन ओळी वाढवल्या, २७० पिक्सेल, आणि टायटल बरोबर ९० फ्रेम लांब केलं.