चांदण्या रात्रीचा अर्ज

पुणे-नाशिक रस्त्यापासून आत, गिरवलीच्या डोंगरावर, आयुकाची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. आयुका हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेले खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र असल्यामुळे, ज्यांच्या विद्यापीठाला स्वतःची वेधशाळा नाही अशा माझ्यासारख्या जिल्ह्याच्या गावातील प्राध्यापकालाही तेथे निरीक्षणासाठी रात्री मागता याव्यात, हा तिच्या उभारणीमागचा हेतूच होता. मागायचे नेमके काय, हे मात्र मला पहिल्या वर्षी उमगले नव्हते.

माझा विषय बीई तारे. या उष्ण ताऱ्यांभोवती वायूची चकती असते आणि तिच्यातील बदल वर्णपटातील ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या हायड्रोजन रेषेत उमटतात. पहिल्या प्रस्तावात मी अमावास्येच्या आसपासच्या तीन रात्री मागितल्या, कारण खगोलशास्त्रज्ञाने काळोखच मागावा अशी माझी भाबडी समजूत होती. वेळवाटप समितीने एकच प्रश्न विचारला: इतक्या तेजस्वी ताऱ्यांसाठी काळोख कशाला? अंधूक दीर्घिका पाहणाऱ्यांची त्या रात्रींसाठी झुंबड असते. माझ्या ताऱ्यांना पौर्णिमाही चालली असती. पुढच्या खेपेला मी चांदण्या रात्री मागितल्या आणि मला दोन मिळाल्या.

दुर्बिणीच्या वेळेचा हिशेब बाहेरच्याला सहसा कळत नाही. ताऱ्याचा प्रकाश पाच मिनिटे घ्यायचा असला तरी दुर्बीण वळवणे, तारा वर्णपटमापकाच्या अरुंद फटीवर आणणे, तरंगलांबीच्या मोजमापासाठी दिव्याचा वर्णपट घेणे आणि तुलनेसाठी प्रमाण तारा (ज्याचे तेज आधीच नीट माहीत असते असा) पाहणे यांत त्याच्या दुप्पट वेळ सहज जातो. पडद्यावर फटीची काळी रेघ दिसते, तिच्या कडेला ताऱ्याचा पांढरा ठिपका. ऑपरेटर तो कणाकणाने सरकवतो आणि ठिपका रेघेत बुडून जवळजवळ नाहीसा झाला की प्रकाश आत गेला असे समजायचे. (पहिल्यांदा तो नाहीसा झाला तेव्हा मला तारा हरवल्यासारखेच वाटले होते.) दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आर्द्रता वाढली, घुमट बंद करावा लागला आणि यादीतले चार तारे राहूनच गेले. ढग आणि दव यांची भरपाई कोणीही देत नाही. पुन्हा प्रस्ताव लिहायचा, तोही पावसाळ्याचे महिने वगळून.

तरीही माझ्या मते खरा अडसर समितीचा नाही, महाविद्यालयाचा आहे. रात्रभर निरीक्षण करून सकाळी आठच्या तासाला उभे राहता येत नाही आणि कर्तव्यरजा मिळवताना दमछाक होते ती निराळीच. पहिल्या अर्जात 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'रात्री तारे पाहणे' असे लिहिले होते. तो तीन आठवडे कार्यालयात पडून होता. दुसऱ्यात 'वर्णपटमापन' असे लिहिले, आणि तो त्याच दिवशी सही होऊन आला.