मामा म्हणजे आई

जोहान्सबर्गच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीत टॅक्सीत पुढच्या सीटवर बसायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथली टॅक्सी म्हणजे पंधरा प्रवाशांची टोयोटाची व्हॅन, आपल्याकडच्या वडापची सख्खी बहीण. कंडक्टर नसतो. मागच्यांच्या नोटा खांद्यावरून खांद्यावर सरकत पुढे येतात. ड्रायव्हरशेजारी बसलेल्याने त्या मोजायच्या, सुटे परत पाठवायचे आणि हिशेब चुकला तर बोलणीही त्यानेच खायची. पहिल्याच दिवशी मी ऐटीत पुढे जाऊन बसले. "पन्नासातून दोघी", "शंभरातून एक, आणि त्या टोपीवाल्याचेही त्यातच" असं मागून इंग्रजी, झुलू, सोथोच्या भेळीत येऊ लागलं. मी ऑडिटवाली बाई, पोट आकड्यांवर भरतं, तरी घामाघूम झाले. शेवटी वीस रँड कमी भरले आणि तोंडून सोलापूरच्या सवयीने निघालं, "मामा, वन मिनिट!"

अख्खी गाडी हसली. झुलूत मामा म्हणजे आई. पन्नाशीचा ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मला एवढी मोठी मुलगी कधी झाली?"

(मामाला इथे मालुमे म्हणतात. बाबा मात्र बाबाच. आणि आपण हळहळताना जिभेने जो 'च्च' करतो, तो झुलूत चक्क एक व्यंजन आहे. शब्दाच्या मध्यात तो काढायचा म्हटलं की माझी बोबडी वळते, ते वेगळं.)

जोहान्सबर्गला मी २०२३ च्या जानेवारीत आले. कंपनीने सँडटन या श्रीमंत भागात तीन महिन्यांसाठी फ्लॅट दिला होता. भिंतीवर विजेचं कुंपण, फाटकावर पहारेकरी, शेजारी कोण राहतं याचा पत्ता नाही. मुदत संपल्यावर भाड्याचे आकडे पाहिले आणि डोळे पांढरे झाले. ऑफिसात सफाईला येणाऱ्या सिसी (म्हणजे ताई) म्हणाल्या, "माझ्या मावशीची बॅकरूम रिकामी आहे, ऑर्लँडो ईस्टला. पण तू राहशील?" त्या 'पण'वर त्यांनी बराच जोर दिला होता.

ऑर्लँडो ही सोवेटोतल्या सर्वात जुन्या वस्त्यांपैकी एक, १९३० च्या दशकातली. जोहान्सबर्गचे एक महापौर एडविन ऑर्लँडो लीक यांच्या नावावरून तिचं नाव पडलं. सोवेटो हे नाव मात्र १९६३ चं, 'साउथ वेस्टर्न टाउनशिप्स'ची आद्याक्षरं जोडून केलेलं. कुठल्या नदीचं किंवा देवाचं नाव असेल असं मला वाटलं होतं. निघालं सरकारी फायलीवरचं. घरांना मॅचबॉक्स म्हणतात आणि ती दिसतातही काड्यापेटीसारखीच. चार खोल्या, वर उतरतं छप्पर, पुढे एवढंसं अंगण. मागच्या परसात लोकांनी भाड्यासाठी खोल्या बांधल्यात, त्या बॅकरूम. माझी खोली दहा बाय दहाची, डोक्यावर पत्रा, नळ आणि संडास परसात, तिघा बिऱ्हाडांत मिळून. माझं बालपण सोलापुरात गिरणीच्या चाळीत गेलंय. नळावरची रांग मला कुणी शिकवायला नको होती.

थंडी मात्र शिकावी लागली. हे शहर समुद्रसपाटीपासून सतराशे मीटर उंच आहे. जुलैच्या पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. आणि त्यात लोडशेडिंग! इथेही हाच शब्द आहे. तो पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. २०२३ साल त्या बाबतीत सर्वात वाईट गेलं. वेळापत्रक फोनवर यायचं, त्याप्रमाणे मी भात आधीच उरकून ठेवायचे. घरमालकीण गोगो (गोगो म्हणजे आजी, गल्ली त्यांना याच नावाने ओळखते) म्हणाल्या, "तू तर मुरलेली दिसतेस." मी म्हटलं, "गोगो, आमच्याकडे बारा बारा तासांचं भारनियमन असायचं. दहावीचा अभ्यास कंदिलावर केलाय."

माझ्या दिसण्याचा प्रश्न मात्र वेगळा. टॅक्सीत, दुकानात, रस्त्यावर लोक आपुलकीने विचारायचे, "लेन्झला जायचंय का? चुकलीस. लेन्झ तिकडे." लेन्झ म्हणजे लेनेशिया, सोवेटोच्या दक्षिणेची भारतीय वंशाच्या लोकांची वस्ती. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं ते ठरवून टाकलं. काळे सोवेटोत, भारतीय लेन्झमध्ये, मिश्रवंशीय एल्डोराडो पार्कात, मध्ये मोकळं माळरान. कायदा १९९१ मध्ये गेला. पण मला बघून माणसाचा हात अजून आपोआप दक्षिणेकडे उठतो. गंमत म्हणजे मी लेन्झला गेले तेव्हा तिथल्या मसाल्याच्या दुकानदारानेही तोंडात बोट घातलं, "सोवेटोत? एकटी?"

दुसरा प्रश्न, "कुठलं दुकान तुझं?" कोपऱ्यावरची स्पाझा, म्हणजे छोटी किराणा दुकानं, बहुतेक बाहेरच्यांची, इथियोपियन, सोमाली, बांगलादेशी, पाकिस्तानी. दुकानदाराला नाव नसतं. तो 'माय फ्रेंड'. "माय फ्रेंड, एक ब्रेड" हे ऐकायला गोड वाटतं, पण त्यात मैत्री फारशी नसते. आमच्या कोपऱ्यावरचा इथियोपियन मुलगा जाळीमागून सामान देतो आणि जाळीमागेच झोपतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सोवेटोतल्याच नालेडीत सहा मुलं विषबाधेने दगावली. टर्बुफॉस नावाचं शेतीचं कीटकनाशक निघालं, उंदीर मारायला लोक चोरून विकत घेतात ते. संशय स्पाझा दुकानांवर आला आणि वातावरण तापलं. नोव्हेंबरात सरकारने सगळ्या स्पाझा दुकानांना नोंदणीसाठी एकवीस दिवस दिले आणि कोपऱ्यावरची जाळी बंद झाली. त्या दिवसांत पोरं मलाही "माय फ्रेंड" म्हणू लागली तेव्हा पोटात गोळा आला. गोगो चार दिवस माझ्याबरोबर टॅक्सीपर्यंत चालत आल्या, काही न बोलता, हातात रिकामी पिशवी घेऊन, जणू त्यांनाही बाजारातच जायचं होतं. महिनाभराने तो मुलगा परत आला. मला वर्क परमिट आहे, पगार आहे, सँडटनला परत जायची वाट आहे. त्याच्याकडे यातलं काय आहे, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

जेवणाचं मात्र माझं इथे छान जमलं. पाप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मोरोगो म्हणजे रानभाजी, त्यात आपला माठही येतो. मोगोडू म्हणजे वजडी, आणि ती धुण्यावरून बायका एकमेकींना नावं ठेवतात तीही अगदी आपल्यासारखीच. पावाचा चतकोर पोखरून त्यात चिप्स, पोलोनी आणि आंब्याचं लोणचं भरतात, तो कोटा. लोणच्याला म्हणतात अचार! मी गोगोंना पापाबरोबर सोलापुरी शेंगाचटणी दिली. आता आठवड्याला डबा लागतो.

गोगो १९७६ मध्ये शाळेत होत्या. आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेच्या सक्तीविरुद्ध विद्यार्थ्यांनी १६ जूनला काढलेल्या मोर्चाबद्दल पर्यटक इथल्या विलाकाझी स्ट्रीटवर जे ऐकतात, तसलं त्या काही सांगत नाहीत. एकदाच म्हणाल्या, "गणित आफ्रिकान्समधून शिकवा, असा हुकूम होता. मास्तरांनाच आफ्रिकान्स येत नव्हतं. फळ्यावर आकडे लिहायचे आणि गप्प उभे राहायचे." एवढं बोलून त्या बीट सोलायला बसल्या.

बीट आलं की समजायचं, शनिवार जवळ आला. इथे शनिवार मयतीचा. रस्त्यात मंडप पडतो आणि शुक्रवारी रात्रभर भजनं चालतात. पुरुष गाय कापतात, बायका तीन पायांच्या लोखंडी हंड्यांत रांधतात. खर्चाला बरियल सोसायटी, म्हणजे मयतीची भिशी. शेजारचे मालुमे गेले तेव्हा मीही परसात बसले. रात्री दोनला मला कोबी चिरायला दिला. कुणी विचारलं नाही, सुरी हातात दिली. सकाळी अॅव्हलॉन स्मशानभूमीतून परतताना फाटकाशी पाण्याचं घमेलं ठेवलेलं होतं. हात धुतल्याशिवाय कुणी आत गेलं नाही. माझे डोळे सवयीने कडुनिंबाचा पाला शोधत होते.

एक आगाऊपणा मी केला होता. रात्री कोबीच्या एका हंड्याला मोहरी-हळदीची फोडणी दिली. दुपारी गोगोंच्या सोसायटीच्या अध्यक्षीणबाई ताट घेऊन समोर येऊन बसल्या. बराच वेळ चमच्याने मोहऱ्या बाजूला सारत होत्या. मग म्हणाल्या, "चव बरी आहे. पुढच्या वेळी हे काळे ठिपके कमी टाक."